दाढ दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली का? रूट कॅनाल नीट समजून घेऊ

मुंबईत कुठल्याही दातांच्या दवाखान्यात एक प्रकारचा पेशंट हमखास येतो: दोन वर्षांपूर्वी रूट कॅनाल 'केलं होतं', दुखायचं थांबलं म्हणून कॅप बसवायला गेलेच नाहीत, आणि आता दाढेचा अर्धा भाग पाव खाताना तुटून हातात आला. दाढ वाचवायला दिलेले पैसे, लोकलने घातलेले हेलपाटे आणि घेतलेली इंजेक्शनं सगळी पाण्यात. बहुतेक वेळा यात उपचारातली मोठी चूक नसते. उपचार कुठे संपतो हे पेशंटला नीट सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलेलं त्याने मनावर घेतलेलं नसतं. रूट कॅनाल म्हणजे दाताच्या आतली बिघडलेली नस काढून तिथली पोकळी साफ करायची आणि भरून टाकायची. त्यात काय करतात, कशासाठी करतात आणि ते कुठे फसतं, हे सविस्तर पाहू.

दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. त्याला संवेदना नसते, त्यामुळे कीड तिथे आहे तोवर काहीच कळत नाही. त्याखाली डेंटिनचा थर असतो. कीड तिथे पोचली की गार पाणी आणि गोड पदार्थ झोंबायला लागतात. डेंटिनच्याही आत, दाताच्या मधोमध पोकळी असते आणि ती मुळांमधून बारीक नळ्यांच्या रूपात खाली टोकापर्यंत जाते. या पोकळीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशी असतात. आपण या सगळ्याला मिळून 'नस' म्हणतो, डॉक्टर पल्प म्हणतात.

कीड नसेपर्यंत गेली की नस सुजते. बोटाला सूज आली तर बोट फुगतं, त्याला फुगायला जागा असते. दाताच्या आतल्या नसेला चारही बाजूंनी टणक भिंती आहेत, त्यामुळे सूज आली की आतला दाब वाढतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाबही थोडा वाढतो, म्हणून दाढ दिवसा कुरकुरते आणि रात्री अकरानंतर ठणकायला लागते. उशी उंच घेतली की जरा बरं वाटतं, तेही याच कारणाने.

नस कितपत बिघडली आहे याचा अंदाज घरीही येतो. गार पाणी लागलं, कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर नस अजून वाचण्यासारखी असू शकते. कीड काढून सिमेंट भरलं की भागतं. याच टप्प्यावर दवाखाना गाठला तर सगळ्यात स्वस्तात सुटका होते. पण कळ अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळत असेल, गरम चहाने दुखत असेल, काही न खाता-पिता आपोआप ठणकत असेल किंवा झोपेतून उठवत असेल, तर नस सहसा परत सुधारत नाही. या अवस्थेत कुठली दाढ दुखते हेही अनेकांना सांगता येत नाही. वरची की खालची ते कळत नाही, कानात कळ जाते आणि काही जण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात.

यापुढचा टप्पा सगळ्यात फसवा. नस मरते आणि दुखणं एकदम थांबतं. घरात कुणी लवंगेचा, कुणी तुरटीच्या गुळण्यांचा गुण सांगतं. प्रत्यक्षात दुखणं जाणवून देणारी गोष्टच उरलेली नसते. आत मेलेल्या पेशींवर जंतू वाढत राहतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, चावताना दाढ दुखायला लागते. आता मात्र बोट ठेवून 'हीच दाढ' असं सांगता येतं, कारण सूज मुळाभोवती आलेली असते. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट पू येतो, ती बसते आणि पुन्हा येते. पू बाहेर पडायला वाट मिळाल्यामुळे दुखत नाही, म्हणून लोक अशी पुटकुळी वर्षभर अंगावर काढतात.

मग मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणली जाते. हा सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. गोळीतलं औषध रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या नसेत रक्त जातच नाही. नस नुसती सुजलेली असेल, तर तिथला त्रास प्रामुख्याने सुजेचा असतो आणि अँटिबायोटिकने ठणका कमी होत नाही. ताप आला असेल, चेहऱ्यावर सूज पसरत असेल, गळ्यातल्या गाठी सुजल्या असतील, तर अँटिबायोटिकला अर्थ आहे. तेव्हाही दात उघडून पू काढणं हाच खरा उपचार असतो, गोळ्या त्याच्या सोबतीला.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत रात्र काढायची असेल, तर निरोगी मोठ्या माणसाला जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम हे जोडीने चांगलं काम करतं. दोन डोसांत ६ ते ८ तासांचं अंतर ठेवा. बाजारात ही दोन्ही औषधं एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात. ती गोळी घेऊन वर पुन्हा पॅरासिटामॉल घेतलं की नकळत दुप्पट डोस पोटात जातो, म्हणून पट्टीवरची नावं वाचा. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन नको. पावसाळ्यात दाढदुखीसोबत अंगात ताप असेल, तर डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळा, फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणं हा जुना उद्योग अजून चालतो. त्याने दाढेचं दुखणं थांबत नाही, उलट हिरडी पांढरी पडून भाजते. लवंगेचं तेल कापसावर एखादा थेंब दाढेच्या खड्ड्यापुरतं ठीक. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा.

एका गोष्टीला मात्र सकाळपर्यंतही थांबायचं नाही. जबड्याखाली सूज आली आहे, जीभ वर ढकलल्यासारखी वाटते, थुंकी गिळता येत नाही, तोंड दोन बोटंही उघडत नाही किंवा श्वासाला त्रास होतो, अशा वेळी दातांचा दवाखाना उघडायची वाट न पाहता मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. दातातला पू गळ्याच्या बाजूला उतरला की श्वासनलिका दाबली जाऊ शकते.

आता खुर्चीत बसल्यावर काय होतं ते. आधी एक लहान एक्स-रे, ज्याला डॉक्टर आयओपीए म्हणतात. त्यात कीड किती खोल आहे, मुळं किती आणि कशी वाकलेली आहेत, टोकाशी हाड झिजलंय का, हे दिसतं. गुंतागुंत असेल तरच थ्री-डी स्कॅन लागतो. मग भूल देणाऱ्या लिग्नोकेनचं इंजेक्शन. खालच्या दाढेसाठी ते जबड्याच्या मागच्या बाजूला देतात आणि अर्धा ओठ जड होतो. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: नस फार सुजलेली असली की खालच्या दाढेत पहिलं इंजेक्शन कधीकधी पुरत नाही. ओठ बधिर, पण दाढेला हात लावला की कळ. हे डॉक्टर नवशिका असल्याचं लक्षण नाही, सुजलेली नस भूल कमी मानते. हात वर करून सांगा, दाढेजवळ आणखी एक इंजेक्शन देता येतं. सहन करत बसण्यात काही शौर्य नाही.

चांगला डॉक्टर त्यानंतर दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतो, त्याला रबर डॅम म्हणतात. फक्त तो एक दात बाहेर, बाकी तोंड झाकलेलं. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत आणि हातातून निसटलेली बारीक फाईल (आतून घासायची सुईसारखी कानस) पेशंटच्या घशात जाऊ नये, म्हणून हा पडदा. अनेक ठिकाणी घाईत तो वगळतात. आमच्या मते दवाखाना निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: 'रबर डॅम लावता का?'

दाढेला वरून छिद्र करून आतल्या नळ्यांची तोंडं शोधतात. पुढच्या दाताला बहुधा एक नळी, खालच्या दाढेला तीन ते चार. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथी नळी लपलेली असते. तिचं तोंड इतकं बारीक असतं की मॅग्निफाइंग चष्मा किंवा मायक्रोस्कोपशिवाय सहज सुटतं. आणि सुटली, की जंतू तिथे सुखाने राहतात. रूट कॅनाल पुन्हा करावं लागण्यामागे ही न सापडलेली नळी वारंवार आढळते.

मग नळीची लांबी मोजतात. ओठाला एक छोटा आकडा अडकवतात, दुसरी तार फाईलला, आणि यंत्र बीप-बीप करायला लागतं. फाईल मुळाच्या टोकाजवळ गेली की बीप वेगाने होतात. या यंत्राचं नाव एपेक्स लोकेटर. दाढेची पूर्ण लांबी साधारण २० ते २२ मिलिमीटर, आणि एका मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा. कमी पडलं तर टोकाशी घाण राहते, जास्त गेलं तर हाड टोचलं जातं आणि चार दिवस दुखतं. फाईल म्हणजे सुईसारखी दिसणारी, बाजूंनी दाते असलेली कानस. सुरुवातीची १० नंबरची फाईल टोकाशी अवघी ०.१० मिलिमीटर असते. तिच्यावर रंगीत रबराची बारीक चकती असते, मोजलेल्या लांबीवर ती सरकवून ठेवतात म्हणजे फाईल त्यापुढे जात नाही. १०, १५, २०, २५ असं एकेक नंबर वाढवत नळी रुंद करतात. आता बरीचशी फाईल मशीनवर फिरते, त्यामुळे वेळ वाचतो.

पण फाईल नळीच्या सगळ्या भिंतींना लागत नाही. नळ्या गोल नसतात, त्यांना फाटे असतात. खरी सफाई औषधी द्रावणाने होते. हे द्रावण म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये असतं तेच. खुर्चीत स्विमिंग पूलसारखा वास आला तर तो याचाच. पुन्हा पुन्हा हे द्रावण सोडून बाहेर काढावं लागतं आणि थोडा वेळ आत राहू द्यावं लागतं. म्हणून दाढेचं रूट कॅनाल वीस मिनिटांत उरकलं असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर आम्हाला ते कौतुक वाटत नाही.

एकाच बैठकीत सगळं करायचं की दोन-तीन? नस जिवंत असेल, नळ्या कोरड्या होत असतील, तर एका बैठकीत पूर्ण करायला हरकत नाही. पू येत असेल, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून एक-दोन आठवड्यांनी बोलावतात. जास्त बैठका म्हणजे पैसे उकळणं, किंवा एकच बैठक म्हणजे घाई, असा सरसकट अर्थ काढू नका. शेवटी नळ्या गटापर्चा नावाच्या पदार्थाने घट्ट भरतात. हा झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ, त्याच्या बारीक काड्या सीलर सिमेंटसोबत आत बसवतात.

इथे बहुतेकांना वाटतं की काम झालं. आणि इथेच गाडी अडते. वरच्या छिद्रात भरलेलं असतं ते तात्पुरतं सिमेंट. ते दोन-तीन आठवड्यांपुरतं असतं. त्यानंतर ते झिजतं, कडेने फट पडते आणि लाळ आत झिरपते. लाळेसोबत जंतू जातात आणि एवढ्या कष्टाने साफ केलेल्या नळ्या पुन्हा भरतात. दात दुखत नाही, कारण दुखायला नसच नाही. म्हणून पेशंटला पत्ता लागत नाही, तो एक्स-रेमध्ये लागतो. ऑफिसमध्ये मार्च एंड, मुलांच्या परीक्षा, गणपतीला गावाला जायचंय, या कारणांनी मधली बैठक पुढे ढकलायची असेल, तर निदान फोन करून सांगा आणि तात्पुरतं सिमेंट बदलून घ्या.

कायमचं सिमेंट भरल्यावर दाढेला कॅप लागते, तीही लवकर, शक्यतो महिन्याच्या आत. कारण सरळ आहे: कीड आणि छिद्र मिळून दाढेचा मधला भाग गेलेला असतो, उरलेल्या बाजूच्या भिंती पातळ असतात आणि चावताना त्या बाहेरच्या बाजूला फाकतात. चिरोटा, चिक्की किंवा भाजलेल्या शेंगदाण्यातला एखादा खडा पुरतो. तडा मुळापर्यंत गेला तर दाढ काढण्याखेरीज इलाज नाही. पुढच्या दातात छिद्र लहान असेल आणि दात भक्कम असेल, तर नुसतं सिमेंटही चालतं, तिथे कॅपचा आग्रह धरणाऱ्याला कारण विचारा. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिर्कोनियाची असते. मागच्या दाढेला दिसण्यापेक्षा मजबुती महत्त्वाची, साधी धातूची कॅपही वर्षानुवर्षं टिकते.

कॅप बसवताना रंगीत कागद दातांमध्ये धरून 'चावा' म्हणतात. कागदाचे ठिपके कुठे उमटतात त्यावरून कॅप उंच आहे का ते कळतं. तोंड बधिर असताना आपल्याला अंदाज येत नाही. घरी गेल्यावर तीच दाढ आधी टेकतेय असं वाटलं, तर 'होईल सवय' म्हणून सोडू नका. मिनिटभर घासायचं काम असतं, न केल्यास दाढ आठवडाभर ठणकते.

रूट कॅनालनंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं नेहमीचं आहे. भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, खाऊ नका. लहान मुलं बधिर ओठ चावून फोडतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं किंवा सूज आली तर परत जा.

मुलांच्या बाबतीत 'दुधाचा दात आहे, पडणारच' हे वाक्य फार नडतं. दुधाची मागची दाढ १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. ती लवकर काढली तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दाताची जागा जाते. दुधाच्या दातातही नसेचा उपचार होतो, फक्त आत विरघळणारं औषध भरतात आणि वर स्टीलची तयार कॅप बसवतात. आणि एक गोष्ट घराघरात निसटते. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते, आणि बऱ्याच मुलांची पहिली किडते तीच.

घरातल्या मोठ्यांसाठी. मधुमेह असेल तर उपाशीपोटी येऊ नका, नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळची वेळ घ्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, रूट कॅनालसाठी ती सहसा थांबवावी लागत नाही. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर आधी सांगा, उपचारापूर्वी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो. हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा, अशा पेशंटचा दात काढण्यापेक्षा वाचवणं बरं. गरोदरपणात चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण ठणका असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार होतो. आणि वरचा दात काढला की डोळ्याची नस जाते, ही भीती आजी-आजोबांच्या मनातून काढून टाका. डोळ्याची नस दातापर्यंत येतच नाही.

खर्चाचं विचारताना 'रूट कॅनाल कितीला' एवढंच विचारू नका. एक्स-रे, कायमचं सिमेंट आणि कॅप धरून किती, कॅप कशाची, आणि काही बिघडलं तर पुन्हा करायचे वेगळे पैसे का, हे विचारा. अर्धवट सोडलेल्या पुष्कळ केसेस अशा असतात, की कॅपचा खर्च ऐनवेळी कळला आणि तो महिना अवघड होता. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. बैठका जास्त होतात, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, एकेका पायरीला वेळ लागतो. पण प्रत्येक पायरी तपासली जाते.

दाढ काढूनच टाकावी का? मूळ चिरलेलं असेल, कीड हाडाच्या खाली गेली असेल, हिरडीच्या आजाराने दाढ हलत असेल, किंवा ती अक्कलदाढ असेल, तर होय. एरवी काढलेल्या जागेत शेजारची दाढ कलते, समोरची खाली उतरते, आणि ती जागा भरायला ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात) यांचा खर्च येतो.

केलेलं रूट कॅनाल बिघडलं तरी लगेच हताश व्हायचं कारण नाही. जुनं गटापर्चा काढून पुन्हा सफाई करता येते, तेही जमलं नाही तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापून बंद करता येतं. आत फाईलचा तुकडा तुटून राहिला असं सांगितलं तर घाबरू नका. तुटण्याआधी नळी साफ झालेली असेल, तर तुकडा आत असूनही दाढ टिकू शकते. फक्त ते तुम्हाला सांगितलेलं आणि केस पेपरवर लिहिलेलं हवं. हाड भरून यायला महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून आधीच्या एक्स-रेशी ताडून बघतात. त्यासाठी उपचाराआधीचा, नळ्या भरल्यावरचा आणि कॅपनंतरचा, असे तिन्ही एक्स-रे मोबाइलमध्ये मागून घ्या. दवाखाना बदलला, घर विरारला हलवलं, डॉक्टर निवृत्त झाले, तरी पुढच्याला ते लागतात.